गवतातला ससा आणि बाभळीवरचा शिक्रा

शहागंजात चाळीस वर्षं बोर्ड रंगवणारा बद्रीनाथ शेळके हा नक्कल करण्यात वाकबगार माणूस होता. हे तो स्वतःच सांगायचा, आणि छाती पुढं काढून सांगायचा. गिऱ्हाइकानं काडेपेटी आणून दिली तर तिच्यावरचा छाप तो आठ फुटी पत्र्यावर तस्साच उतरवून द्यायचा. कुणी लग्नातला फोटो आणला तर फोटोतल्या म्हाताऱ्याची मिशी जिकडं वळली असेल तिकडंच बोर्डावरही वळायची. उर्दू त्याला वाचता येत नव्हतं, पण लिहिता येत होतं. समोर नमुना ठेवला की उजवीकडून डावीकडं अक्षरं अशी ओघळत यायची की गल्लीतले मौलाना थांबून बघायचे.

मूळचा तो देवगाव रंगारीचा. घरची शेती, चार भावंडं. पंधराव्या वर्षी काकाबरोबर लग्नाचा कपडा घ्यायला शहरातल्या गुलमंडी बाजारात आला आणि एका दुकानापुढं शिडीवर उभं राहून अक्षर काढणारे हबीबमियाँ त्याला दिसले. काकाचा कपडा घेऊन झाला, चहा पिऊन झाला, एसटीची वेळ झाली, तरी पोरगं शिडीखालून हलेना. शेवटी हबीबमियाँच वरून म्हणाले, "छोड जाव इसको. चार दिन रंग घोटेगा तो खुद भागेगा." तो पळाला नाही. तीन वर्षं रंग घोटले, पत्रे घासले, आणि मग एक दिवस उस्तादांनी ब्रश हातात दिला.

उस्ताद कडक होते. एकदा एका हकिमाच्या बोर्डावर बद्रीनं एक नुक्ता, म्हणजे अक्षराचं टिंब, चुकीच्या जागी दिला. बोर्ड टांगून झाला होता, हकिमाची तक्रारही नव्हती. हबीबमियाँनी तो भर बाजारातून खाली उतरवला आणि बद्रीकडून अख्खा खरवडून घेतला. "गिराईक कू नई दिख्या, ठीक है," ते म्हणाले, "पन तेरे कू तो मालूम हो गया ना?"

पुढं उस्ताद गेले, आणि त्यांच्यामागून काही वर्षांनी धंदाही गेला. फ्लेक्स आला. ज्या बोर्डाला बद्रीला चार दिवस लागायचे तो मशीनमधून पाच मिनिटांत बाहेर पडू लागला. शहराचं नाव बदललं तेव्हा दुकानादुकानावरचे पत्ते बदलायचे होते. बद्रीला वाटलं, आता दिवस फिरतील. पण ते कामही फ्लेक्सवाल्यांनीच उचललं, बद्रीच्या वाट्याला सातआठ जुने पत्रे आले. त्याची मुलगी श्रेया वाळूजच्या एका कंपनीत ऑफिसात होती. ती म्हणायची, "बाबा, आता बस करा ना. घरी बसा आरामात." बद्री मात्र रोज सकाळी ब्रश टर्पेंटाईनमध्ये खळबळून पुसायचा, पिशवीत भरायचा आणि बाहेर पडायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्याची रेघ सुतासारखी सरळ येत होती. मग घरी कशासाठी बसायचं?

खेड्यातल्या शाळांच्या भिंती मात्र अजून हातानं रंगवल्या जात. पाढे, बाराखडी, नकाशा, पाण्याचं चक्र. बद्री गावोगाव ही कामं करू लागला. असाच एका फेब्रुवारीत त्याला देवगाव रंगारीच्या पुढं माळाच्या कडेला असलेल्या एका वस्तीवरच्या शाळेतून निरोप आला.

शाळा दोन खोल्यांची. शिक्षिका निशा मॅडम, वय तिशीच्या आतबाहेर, एकटीनं चार वर्ग सांभाळणारी, कामाला वाघीण. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन होता आणि तालुक्याहून साहेब येणार होते. मॅडमनी बाहेरची मोठी भिंत दाखवली. वीस फूट लांब, आठ फूट उंच, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसणारी.

"काका, इथं तुलना पाहिजे मला," मॅडम म्हणाल्या. "एका बाजूला ससा, एका बाजूला शिक्रा. एक गवत खाणारा, एक शिकार करणारा. एकाचे कान, एकाची चोच. पोरांनी येता-जाता बघायचं आणि फरक सांगायचा. आणि मधोमध एक मोठं चित्र. शिक्र्यानं पंजात ससा धरलाय आणि घेऊन उडालाय, असं. एकदम जिवंत वाटलं पाहिजे."

त्यांनी इंटरनेटवरून काढलेले दोन रंगीत कागद दिले. बद्रीनं कागद बघितले, भिंत बघितली, दोरी मारून चौकटी आखल्या आणि कामाला लागला. तीन दिवसांत भिंत उभी राहिली. बिळाच्या तोंडाशी बसलेला गुबगुबीत ससा, लालचुटूक डोळ्यांचा. दुसऱ्या बाजूला मोठ्या पंखांचा, पिवळ्या चोचीचा पक्षी. मधल्या जागेत खडूनं फक्त उडतं चित्र आखून ठेवलं होतं. पोरं टाळ्या वाजवत होती. मॅडम खूश होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना माळावरून मेंढरं उतरली. त्यांच्यामागं डोक्यावर पदर, हातात काठी, साठीच्या पुढची एक काटक बाई. ही दगडाबाई. तिची नात मोनिका याच शाळेत तिसरीत होती, तिला घरी न्यायला ती रोज फाटकाशी थांबायची. तिनं भिंतीकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं.

"पेंटरभाऊ," ती म्हणाली, "हे काय काढलं?"

"ससा आहे आक्का."

"ससा?" दगडाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती, पण खांदे हलत होते. "आवं, हे तर पिंजऱ्यात पाळत्यात ते पांढरं हाय. डोळं लाल, पोट मोठं. आणि हे बीळ कशाचं? आपला ससा बिळात ऱ्हातच नाय."

"मग कुठं राहतो?"

"उघड्यावर. गवताच्या बुडाशी. तुमच्या पायाखाली आला तरी तुम्हाला दिसायचा नाय." मग तिनं काठीनं दुसरी बाजू दाखवली. "आणि हा कोण?"

"शिक्रा."

"हा नाय शिकरा. लई मोठा हाय ह्यो. कुठल्या मुलखातला हाय कुणास ठाऊक." माणसाला दुखावलं असं तिला वाटलं असावं. "रंग मात्र झ्याक दिलाय बरं का," असं म्हणून नातीचं बोट धरून ती निघून गेली.

बद्री शिडीवरच बसून राहिला. चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी हसलं नव्हतं. खिशातला कागद त्यानं काढून बघितला. कागदात होतं तेच भिंतीवर होतं, केसाचाही फरक नव्हता. चूक त्याची नव्हती. पण ती चूक होती आणि आता त्याला माहीत झाली होती.

त्यानं खाली उतरून मॅडमना सांगितलं. मॅडम वैतागल्या. "काका, चार दिवस राहिलेत. ससा म्हणजे ससा. पोरांना कळतोय, साहेबांना कळेल. राहू द्या."

"पोरांना कळत नाही मॅडम, तेच तर," बद्री म्हणाला. "रोज माळावरनं येतात ती, आणि ह्या भिंतीवर भलताच ससा बघतील."

"मग तुम्हाला खरा ससा काढता येतो का?"

बद्रीनं प्रामाणिकपणे मान हलवली. "नाही. मी बघितलेलाच नाही."

"देवगाव रंगारीचे ना तुम्ही?"

"पंधराव्या वर्षी सोडलं. तोवर ससा बघितला तो फक्त पळताना. पाठीमागून."

यावर मॅडमना हसू आलं, पण त्यांनी परवानगी दिली नाही. बद्रीनं ती मागितलीही नव्हती. पोरं घरी गेल्यावर त्यानं बादलीत प्रायमर कालवला आणि तीन दिवसांचं काम दीड तासात पांढरं करून टाकलं. मग देवगावात बहिणीच्या, आशाबाईच्या घरी मुक्कामाला गेला आणि तिला सांगितलं, "पहाटे पाचला उठव. मेंढरांच्या मागं जायचंय."

आशाबाईनं भावाच्या कपाळाला हात लावून बघितला.

पहाटे दगडाबाईच्या वाड्याशी, म्हणजे मेंढरांच्या कुंपणाशी, तो उभा राहिला तेव्हा ती जाळी उघडत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा पांढरा सदरा चालायचा नाय. अर्ध्या कोसावरनं दिसंल. आणि खिशात ते काय हाय?"

"तंबाखू."

"ती ठेवा दगडाखाली. वास लागतो."

तिनं त्याच्या खांद्यावर आपलं जुनं घोंगडं टाकलं. मेंढराच्या वासाचं, जाडंभरडं. माळावर उजाडत होतं. कुसळी गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि चालताना लुगड्याला, पायजम्याला टोचत होतं. दगडाबाई अशी चालायची की गवताचा आवाजच व्हायचा नाही. बद्री चालला की वाळका पाचोळा तुडवल्यासारखं वाजायचं.

पहिल्या दिवशी त्याला काहीच दिसलं नाही. म्हणजे, एकदाच दिसलं. दगडाबाई थांबली, काठी पुढं करून म्हणाली, "तो बसलाय बगा."

"कुठं?"

"त्या ठोंबाच्या बुडाशी. माझ्या काठीच्या टोकाला."

बद्रीनं बघितलं. गवत होतं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, आणि पाचसहा हातांवरून मातीचा एक तुकडा फाडकन उठला, दोन वळणं घेतली आणि दिसेनासा झाला.

"गेला," दगडाबाई म्हणाली. "तुम्ही पाऊल टाकलं म्हणून. तो म्हनत होता, हा आपल्याला बघत नाय, बसून ऱ्हावं. तुम्ही त्याच्यावरच निघालात."

ससा बसला होता तिथं ती त्याला घेऊन गेली. गवताच्या ठोंबाखाली एक लांबट खळगा होता, चार बोटं खोल. बद्रीनं आत हात ठेवला. माती अजून ऊबदार होती. तो बराच वेळ हात तसाच ठेवून बसला.

दुसरा दिवस शिक्र्याचा. ससा शोधायला जमिनीकडं बघायचं, शिक्रा शोधायला कान द्यायचा, असं दगडाबाईनं सांगितलं. "चिमण्या, होले सगळे एकदम गप झाले की समजायचं." दहाच्या सुमाराला ओढ्याकाठच्या बाभळींत खरंच एकदम चिडीचूप झालं. मग एक कोतवाल पक्षी ओरडत कुणाच्यातरी मागं लागला, आणि पुढं एक राखाडी, आटोपशीर पक्षी चार वेळा पंख मारून तरंगत, पुन्हा पंख मारून तरंगत बाभळीत शिरला.

"हा?" बद्री पुटपुटला. "एवढासाच? हा तर पारव्याएवढा आहे."

"मंग! मी काय म्हनत होते?"

बद्रीनं वही काढली. पण हात चालेना. त्याला सवय होती स्थिर नमुन्याची. कागद हलत नाही, काडेपेटी मान वळवत नाही. इथं नमुना मान वळवायचा, शेपूट झटकायचा, फांदी बदलायचा. दुपारपर्यंत वहीची अकरा पानं झाली आणि एकही पान धड नव्हतं. एकावर नुसती शेपटी होती, तिच्यावरचे काळसर पट्टे. एकावर डोळा. डोळा लाल होता, जास्वंदीसारखा. छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा, जशा मातीच्या मडक्यावर बोटं फिरवल्यावर उमटतात.

"आक्का, डोळा लाल आहे ना ह्याचा?"

"नराचा लाल. मादीचा पिवळसर असतो, आणि मादी मोठी असती. त्या पलीकडच्या लिंबावर घरटं बांधायला लागलीय दोघं."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार?" दगडाबाई म्हणाली. "मेंढरं चरत्यात, आपण काय करायचं? बगायचं."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आवाज चढला होता. "काका, भिंत पांढरी आहे. परवा साहेब येणार. मी दुसरा पेंटर बोलावू का?"

"बोलवा," बद्री म्हणाला. "पण त्यालाही तुम्ही तेच कागद द्याल. मी उद्या दुपारी येतो. भिंत रंगल्याशिवाय जात नाही." फोन ठेवून त्यानं वहीची अकरा पानं पुन्हा उलटली. अजून त्याला बसलेला ससा दिसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो अंधारातच माळावर पोचला. दगडाबाईनं त्याला ओढ्याच्या काठावर एका खडकाआड बसवलं, पुढ्यातलं गवत बोटानं दाखवलं आणि ती मेंढरांकडं निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "ससा हुडकू नका. डोळा हुडका. सगळं मातीच्या रंगाचं असतं, डोळा तेवढा नसतो."

बद्रीनं गवताचा एकेक ठोंब बघायला सुरुवात केली, जसं पत्र्यावर एकेक अक्षर तपासावं तसं. डावीकडून उजवीकडं एकदा. मग, सवयच होती हाताला, उजवीकडून डावीकडं. ऊन वर आलं. मान अवघडली. आणि मग चौथ्या की पाचव्या खेपेला एका ठोंबाच्या सावलीत त्याला एक ओला, तपकिरी थेंब चमकताना दिसला. थेंब नव्हता. डोळा होता. डोळा कळला तसा त्याभोवती हळूहळू अख्खा प्राणी उमटला. पाठीवर चपटे टाकलेले लांब कान, कानांच्या कडांमधून ऊन झिरपत होतं आणि आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. मानेवर काळा डाग, जणू कुणी काजळाचं बोट पुसलंय. पाठीचा रंग एक नव्हताच. प्रत्येक केस बुडाशी वेगळा, टोकाशी वेगळा, आणि सगळे मिळून माळाची माती.

बद्रीचा हात वहीवर आपोआप चालू लागला. ससा हलत नव्हता. नाक तेवढं थरथरत होतं. डोळा डोक्याच्या अगदी बाजूला होता. तो समोर बघतोय, मागं बघतोय की बद्रीकडं, काही कळत नव्हतं.

तास झाला असेल. एकाएकी ओढ्याकाठचा किलबिलाट थांबला. शिक्रा आला आणि सशापासून वीसेक पावलांवरच्या एकट्या बाभळीच्या शेंड्याला बसला. हेच ते चित्र. मॅडमना पाहिजे होतं ते, खडूनं आखून ठेवलेलं. त्याला वाटलं ओरडावं, सशाला उठवावं. त्यानं ओठ दातांखाली धरला.

शिक्र्यानं मान खाली घातली. त्याचे दोन्ही डोळे समोर, एकाच जागी रोखलेले. मग तो सुटला. दगड पडावा तसा गवतात पडला, सशाच्या अलीकडं, सहासात हातांवर. पंखांची फडफड झाली आणि तो उठला तेव्हा त्याच्या पायांत एक सरडा वळवळत होता. तो सरडा घेऊन बाभळीवर गेला. सशानं एक कान उचलला, पुन्हा खाली ठेवला. एवढंच.

दगडाबाई आली तेव्हा बद्रीनं तिला सगळं एका दमात सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही.

"भाऊ, शिकरा तो केवढा, ससा केवढा! मोठा ससा त्याला उचलतोय व्हय? आगदी इवलं पिल्लू गावलं तर गावलं, नायतर सरडं, उंदरं, चिमण्या. त्याला बी जीव हाय, तो झेपंल तेच धरतो."

"आणि ससा घाबरत नाही?"

"घाबरतो तर. कोल्ह्याला घाबरतो, कुत्र्याला घाबरतो, वरनं मोठा गरूड आला तर घाबरतो. पण कुणाला किती घाबरायचं ते त्याला ठावं असतं." ती खडकावर टेकली. "तुमच्या बाई म्हनत्यात फरक दाखवा. फरक एवढाच हाय बगा. ह्याला धरायचंय म्हणून ह्याचे डोळे म्होरं. त्याला वाचायचंय म्हणून त्याचे डोळे बाजूला. आन् पिल्लांचं बी तसंच. शिकऱ्याचं पिल्लू दुबळं, अंगावर नुसती पांढरी लव. आईबाप महिनाभर भरवत्यात. सशाचं पिल्लू जन्मतंच अंगावर केस, डोळे उघडे. आई त्याला गवतात ठेवून लांब जाती. तिन्हीसांजेला येती, पाजती, पुन्हा लांब. जवळ बसली तर तिच्या वासानं कोल्हा येईल म्हणून."

बद्रीला का कोण जाणे श्रेया आठवली. ती लहान असताना तो दिवसदिवस शिडीवर असायचा, घरी जायचा तो ती झोपायच्या वेळेला. त्यानं वही मिटली आणि तो उठला. "चला आक्का. भिंत वाट बघतेय."

दुपारी एकला तो शाळेत पोचला. मॅडम फाटकातच उभ्या होत्या. त्यानं वही उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली. सशाच्या पानावर त्या जरा थांबल्या, पण लगेच म्हणाल्या, "छान आहे. ससा असाच काढा. पण मधलं चित्र मात्र ठरलंय तेच. शिक्रा ससा घेऊन उडालाय."

"ते होत नाही मॅडम. त्याला उचलवत नाही."

"काका, साहेबांना काहीतरी भारी पाहिजे. शिक्रा सरडा खातोय, यात काय आहे बघण्यासारखं?"

"मी आज सकाळी बघितलंय. त्यात काय आहे ते मला विचारा." बद्रीचा आवाज वाढला नव्हता, पण तो जागचा हलायला तयार नव्हता. मग त्याला सुचलं. "शाळेत काटा आहे ना? खिचडीचा तांदूळ मोजता तो?"

काटा बाहेर आला. सगळी शाळा भोवती गोळा झाली. बद्रीनं मोनिकाला बोलावलं. "तुझी आजी म्हणते ससा दोन-अडीच किलोचा. पिशवीत दोन किलो तांदूळ भर." तिनं भरले. "आणि शिक्रा पावकिलोचासुद्धा नसतो. दुसऱ्या पिशवीत दीडशे ग्रॅम." तीही भरली. त्यानं दोन्ही पिशव्या मॅडमच्या दोन हातांत दिल्या.

मॅडमनी एकदा ह्या पिशवीकडं बघितलं, एकदा त्या पिशवीकडं. मग त्यांनी पोरांकडं बघितलं.

"आता सांगा रे," त्या सावकाश म्हणाल्या, "ही एवढीशी पिशवी ह्या मोठ्या पिशवीला घेऊन उडेल का?"

"नाय!" अख्खी शाळा ओरडली.

मॅडमनी पिशव्या खाली ठेवल्या. "काढा काका तुमचा सरडा," त्या म्हणाल्या. "आणि आज तुम्हाला चहा-भाकर इथंच. काम होईपर्यंत फाटकातून कुणाला आत सोडत नाही मी."

बद्रीनं खडूची आखणी ओल्या फडक्यानं पुसली आणि ब्रश उचलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढं नमुना नव्हता. वही होती, पण वहीत नुसत्या खुणा होत्या. बाकीचं डोळ्यांत होतं. पहिला तास वाईट गेला. हात पुन्हापुन्हा जुन्या वाटेनं जायचा, गुबगुबीत गोलाई काढायचा. दोनदा त्यानं ओला रंग पुसून काढला. पिवळी माती, तांबडी हिरमंज, काळा आणि थोडा पांढरा असे रंग त्यानं थाळीत मिसळले, भिंतीवर लावून बघितले, मग सरळ अंगणातली चिमूटभर माती उचलून थाळीशेजारी ठेवली आणि तिच्याशी रंग जुळवला. तेव्हा कुठं सशाची पाठ सापडली. दिवस मावळेपर्यंत ससा झाला. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच तो पुन्हा शिडीवर चढला, आणि दुपारपर्यंत बाभळीवरचा शिक्रा, त्याचा लाल डोळा, त्याच्या पायांतला सरडा असं सगळं उतरलं. मधोमध, दोघांच्या खाली, मॅडमनी सांगितल्याप्रमाणं त्यानं मोठ्या अक्षरांत फरक लिहिले. डोळे, पाय, पिल्लं, खाणं, वजन. शेवटच्या ओळीला मॅडम स्वतः शिडी धरून उभ्या होत्या.

त्याच दुपारी, अठ्ठावीस तारखेला, साहेब आले. हार झाला, नारळ झाला. मग ते भिंतीपुढं उभे राहिले.

"शिक्रा मस्त आहे," ते म्हणाले. "पण ससा कुठाय?"

मॅडमचा चेहरा उतरला. बद्री शिडीपाशी उभा होता, त्यानं पुढं व्हायला पाऊल उचललं आणि पुन्हा मागं घेतलं.

"सर, तुम्ही डोळा हुडका," मोनिका पुढून म्हणाली. "सगळं मातीच्या रंगाचं असतं."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. वाकले. एक पाऊल डावीकडं गेले, दोन उजवीकडं. पोरं श्वास रोखून होती. पुरती दोन मिनिटं गेली असतील. मग साहेब दचकल्यासारखे मागं झाले. "अरेच्चा!" ते म्हणाले. "अरे, हा तर केव्हापासून माझ्याकडंच बघतोय!"

पोरांनी एकच गिल्ला केला. साहेबांनी सोबतच्या माणसालाही तिथं उभं केलं आणि शोधायला लावलं. ठरलेलं भाषण राहिलंच. अर्धा तास ते पोरांना प्रश्न विचारत होते आणि पोरं त्यांना माळावरचं काय काय सांगत होती. त्यातलं निम्मं मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मेंढरं उतरली. दगडाबाई फाटकाशी थांबली. तिनं भिंत बघितली. फार वेळ बघितली. बद्रीला साहेबांच्या वेळी वाटली नव्हती एवढी धाकधूक वाटत होती.

"कान," ती शेवटी म्हणाली.

"काय झालं कानाला?"

"त्याच्यातनं ऊन येतंय." तिनं मान डोलावली. "बरूबर हाय."

बद्रीनं हात जोडले. ती लाजून म्हणाली, "आवं भाऊ, काहून हात जोडता? मी काय केलं?" आणि मेंढरांना हाळी देत वळली.

त्या संध्याकाळी बद्री एसटीनं शहरात परतला. श्रेया कंपनीतून आली तेव्हा तो जेवणाच्या ताटाशेजारी वही उघडून बसला होता. त्यानं तिला अकरा धड नसलेली पानं दाखवली, मग बारावं दाखवलं. ती बराच वेळ पानं उलटत राहिली. "बाबा, हे तुम्ही कशावरून काढलं?" तिनं विचारलं.

"कशावरूनच नाही," तो म्हणाला. "बघून काढलं."

घरी बसायचा विषय तिनं त्यानंतर काढला नाही.

पुढच्या महिन्यात वैजापूरकडच्या एका शाळेतून अभय नावाच्या गुरुजींचा फोन आला. मोर आणि नाग यांची झुंज पाहिजे होती, फोटो पाठवतो म्हणाले. बद्रीनं फोटो नको म्हणून सांगितलं. काम घेतो, पण आधी चार दिवस बघायला लागतील, असंही सांगितलं. गुरुजी चिडले, दुसरा माणूस बघतो म्हणाले आणि फोन ठेवला. गेलं काम तर गेलं, असं बद्रीनं मनाशी ठरवूनही टाकलं. दोन दिवसांनी गुरुजींचा पुन्हा फोन आला.

"या तुम्ही," ते म्हणाले. "पण मला एक सांगा, चार दिवस बघणार म्हणजे नक्की काय बघणार?"

बद्रीनं कानाशी फोन धरून दुसऱ्या हातानं पिशवीत वही टाकली.

"मला आधी हे सांगा गुरुजी," तो म्हणाला, "तुमच्याकडं मोर पाण्यावर येतात कधी? सकाळी, की ऊन उतरल्यावर?"